पाणी उपसले, मोजले कोणी?

सोलापूर म्हटले की चादर, शेंगाचटणी आणि हुरडा आठवतो. या शहराची आणखी एक देणगी जगभर पोहोचली, पण तिच्यावर गावाचे नाव राहिले नाही. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गावोगावच्या विंधनविहिरींवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हातपंप काही महिन्यांत मोडून पडत. एका कुटुंबासाठी घडवलेले यंत्र सगळे गाव दिवसभर हलवू लागले तर दुसरे काय होणार! त्या काळात जालना आणि सोलापूर इथल्या ख्रिस्ती मिशनशी जोडलेल्या विहीर-योजनांनी पोलादी सांगाड्याचे मजबूत पंप तयार केले होते. त्यांतला सोलापूर पंप युनिसेफच्या तज्ज्ञांना सर्वांत टिकाऊ वाटला. त्याचा आराखडा पुढे सुधारला गेला, मद्रासच्या कारखान्यात आणि कोइमतूरच्या परिसरात तो तावून-सुलाखून निघाला आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ या नावाने बाजारात आला. आफ्रिकेतल्या खेड्यांत आजही जो हातपंप दिसतो, त्याची वंशावळ सोलापूरच्या एका कार्यशाळेपर्यंत जाते.

या पंपाने लाखो बायकांच्या डोक्यावरचा हंडा हलका केला, हे निर्विवाद. त्याने आणखी एक बदल केला, त्याची नोंद मात्र कुणी फारशी घेतली नाही. त्याने पाणी झाकून टाकले. आड किंवा बारव उघडी असते. पाणी किती पायऱ्या खाली गेले, हे येणारी-जाणारी बाई रोज पाहते. चैत्रात सातवी पायरी उघडी पडली की गाव सावध होते. मोजणीची ती जुनी, फुकटची आणि सार्वजनिक व्यवस्था होती. साडेसहा इंची बोअरमध्ये डोकावून काहीच दिसत नाही. पाणी येते तोवर येते. नाही आले की तमिळनाडूच्या तिरुचेंगोडहून आलेली बोअरची गाडी पुन्हा शिवारात उभी राहते, नारळ तळहातावर आडवा धरून पाणाडी फिरतो आणि नव्या पॉइंटला दोनशे फूट जास्त खोल जायचे ठरते.

उपसण्याच्या तंत्रात आपण पन्नास वर्षांत मोठी मजल मारली. मोजण्याचे तंत्र त्या मानाने अनाथ राहिले. हा फरक कुठवर नेतो हे पाहायला सोलापूरकरांना फार लांब जावे लागत नाही. भीमेच्या प्रवाहाबरोबर खाली गेले की पुरते.

रायचूरकडे जाणारी गाडी सोलापूर सोडते तेव्हा रुळांखाली दख्खनचा काळा पाषाण असतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर: वर मुरूम, त्याखाली मांजऱ्या खडक, मध्येच गेरूचा लाल पट्टा, मग पुन्हा घट्ट पाषाण. कलबुर्गीच्या पुढे तो संपत जातो आणि आपल्या घराघरांत जी फरशी अंथरली आहे तिच्या शहाबादेत चुनखडीचे राज्य सुरू होते. वाडी, यादगीर करत गाडी रायचूरला पोहोचेपर्यंत भूगर्भ आणखी म्हातारा होतो. कृष्णा आणि भीमा यांच्या दुआबात आणि त्याच्या दक्षिणेला अडीच अब्ज वर्षांहून जुने खडक वर येतात. त्यांत हिरवट शिस्टचे अरुंद पट्टे आहेत आणि त्या पट्ट्यांत सोने आहे.

हे सोने नवे नाही. लिंगसुगूर तालुक्यातल्या हट्टीच्या परिसरात प्राचीन खोदकामाच्या खुणा आहेत. जवळच्या मस्कीला सम्राट अशोकाचे नाव स्पष्ट कोरलेला शिलालेख १९१५ साली बीडन नावाच्या इंग्रज खाण-अभियंत्याला सापडला, तोही सोन्याच्या शोधात फिरताना. निजामाच्या अमदानीत, १९४७ साली, हट्टीची कंपनी उभी राहिली. मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता. राज्य पुनर्रचनेत ती कर्नाटकात गेली आणि आज देशात खाणीतून सोने काढणारी ती प्रमुख सरकारी कंपनी आहे.

एका टन खडकातून जेमतेम काही ग्रॅम सोने निघते. म्हणजे मंगळसूत्रातल्या एका तोळ्यासाठी काही टन दगड वर आणायचा, पिठासारखा दळायचा, सायनाइडच्या द्रावणात भिजवायचा आणि उरलेला चिखल कुठेतरी साठवायचा. सोने निघून जाते, पीठ तिथेच राहते. या खडकांत सोन्याच्या शेजारी आर्सेनोपायराइट नावाचे खनिज असते. जमिनीखाली, हवेपासून दूर असेपर्यंत ते शांत असते. वर आणून, दळून, उन्हापावसात ठेवले की त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातले आर्सेनिक पाण्यात उतरू लागते. आर्सेनिकला रंग नाही, वास नाही, चव नाही. सोलापूरकर मचूळ पाणी जिभेवर ठेवताच ओळखतो. इथे ती जीभ कामाची नाही.

यादगीर जिल्ह्यातल्या सुरपूर तालुक्यात किरदळ्ळी तांडा आहे. शेजारी मंगळूर गावची जुनी, बंद पडलेली सोन्याची खाण. सोलापूरच्या परिसरात जशी लमाणांची वस्ती आहे तशीच ही. या तांड्यातल्या लोकांच्या तळहातांवर, तळपायांवर कठीण गाठी आणि अंगावर काळे-पांढरे ठिपके दिसू लागले. जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ५९ कूपनलिकांच्या नमुन्यांपैकी ७९ टक्क्यांत आर्सेनिक लिटरमागे १० मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त होते. सर्वाधिक आकडा ३०३, म्हणजे मर्यादेच्या तीसपट. तपासलेल्या १८१ माणसांपैकी ५८.६ टक्के लोकांच्या त्वचेवर आर्सेनिकची लक्षणे होती. केस आणि नखांचे सगळे नमुने दूषित निघाले. मातीच्या काही नमुन्यांतले आर्सेनिक खाणीच्या जुन्या गाळातून आले असावे, असे संशोधकांनी म्हटले.

या आकड्यांचा क्रम पाहण्यासारखा आहे. आधी कातडीवर डाग, मग डॉक्टर, मग पाण्याचा नमुना. जी तपासणी कूपनलिका खोदली त्या आठवड्यात व्हायला हवी होती, ती माणसांच्या शरीरांनी वर्षानुवर्षे केली. खाण सुरू होती तेव्हा सोन्याचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवला गेला असणार. शेजारच्या विहिरीच्या पाण्याचा हिशेब ठेवणे ही कुणाचीच नोकरी नव्हती.

बंगालने हाच धडा याहून अफाट प्रमाणात गिरवला. कोलकात्याच्या त्वचारोगतज्ज्ञांनी पश्चिम बंगालमधले आर्सेनिकचे रुग्ण १९८३ मध्येच ओळखले होते. तरी शेजारच्या बांगलादेशात १९९२ साली ब्रिटिश भूगर्भशास्त्र संस्थेने विहिरींच्या पाण्याची पाहणी केली तेव्हा तपासायच्या घटकांच्या यादीत आर्सेनिक नव्हते. बाधितांनी पुढे इंग्लंडमध्ये दावा लावला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला, कारण त्या पाहणीमुळे संस्थेवर त्या लोकांप्रति कायदेशीर जबाबदारी येत नाही, असे न्यायाधीशांचे मत पडले. कायद्याच्या दृष्टीने निकाल बरोबर असेलही. पाणी तपासणाऱ्या प्रत्येक खात्याने मात्र तो भिंतीवर लावून ठेवावा. ‘पाणी तपासले’ या दोन शब्दांना काही अर्थ नाही. कशासाठी तपासले, हे विचारल्याशिवाय अहवाल हातात घेऊ नये.

खाणीभोवतीची मोजणी म्हणजे नक्की काय? पहिला प्रश्न पातळीचा. खाण पाण्याच्या पातळीखाली गेली की आत झिरपणारे पाणी रात्रंदिवस उपसावे लागते. त्या उपशाने भोवतालची भूजलपातळी उलट्या शंकूसारखी खचते आणि शेजारच्या गावांच्या विहिरी आटतात. गोव्याच्या डिचोली तालुक्यात शिरगावच्या लोकांनी लोहखनिजाच्या खाणींविरुद्ध न्यायालयात जी लढाई लढली, तिच्या मुळाशी हीच तक्रार होती. दुसरा प्रश्न गुणवत्तेचा, आणि तो खाण चालू असताना जितका असतो त्याहून ती बंद पडल्यावर मोठा होतो. पंप थांबले की पाणी परत वर चढते, उघड्या पडलेल्या खनिजांना धुऊन काढते आणि आम्ल होऊन बाहेर येते. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या पश्चिमेला सोन्याच्या जुन्या खाणी बंद पडल्यावर भरत गेल्या आणि २००२ साली तिथून आम्लयुक्त पाणी भूपृष्ठावर वाहू लागले. सोन्यातून पैसा कमावलेल्या कंपन्यांपैकी कित्येक तोवर उठून गेल्या होत्या. आपल्याकडे कोलारच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. गावाशेजारचे सायनाइड-गाळाचे पांढुरके डोंगर अजून उभे आहेत, उन्हाळी वाऱ्यात उडतात, पावसात वाहतात.

म्हणून जाणकार खाणीच्या चढाला आणि उताराला, दोन्ही बाजूंनी निरीक्षण-नळ्या बसवायला सांगतात. चढाकडची नळी मूळ पाणी कसे आहे ते सांगते, उताराकडची त्यात काय मिसळले ते. आर्सेनिकच्या आधी बहुधा सल्फेट वाढते. ते खडकाला चिकटून राहत नाही, पाण्याच्या वेगाने पुढे सरकते. सल्फेटची रेघ वर चढू लागली की पुढे काय येणार याचा अंदाज बांधता येतो. पण हा अंदाज बांधायला आधीची रेघ हवी. खाण सुरू होण्यापूर्वीचे पाणी कसे होते याची नोंद नसेल तर ‘इथले पाणी असेच असते’ हे कंपनीचे वाक्य कुणाला खोडता येत नाही. खरोखरच काही ठिकाणी निसर्गतःच आर्सेनिक असते. त्यामुळे ते वाक्य दर वेळी खोटेही नसते, आणि म्हणूनच ते इतके उपयोगी पडते.

केंद्रीय भूजल प्राधिकरणाची २०२०ची मार्गदर्शक तत्त्वे खाणींना निरीक्षण-नळ्या, पातळी नोंदवणारी स्वयंचलित यंत्रे आणि पाण्याच्या तपासण्या सक्तीच्या करतात. कागदावर तरतूद चांगली आहे. पण नळी खाणवाल्याची, यंत्र खाणवाल्याचे, प्रयोगशाळेचे बिल भरणाराही तोच. परीक्षार्थीनेच पेपर तपासून गुण कळवावेत, अशी ही रीत आहे. आकडे खोटे असतात असे म्हणण्याची गरज नाही. गावाला ते वेळेवर दिसत नाहीत, एवढे पुरेसे वाईट आहे.

सोलापुरात सोन्याची खाण नाही आणि काळ्या पाषाणात ती निघायचीही नाही. मग या सगळ्याशी जिल्ह्याचा संबंध काय? संबंध असा की खाण एका जागी जे करते ते सोलापूर जिल्हा लाखभर भोकांतून करतो. पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही लहरी. कोरडवाहू शेतीचे संशोधन इथे १९३३ मध्ये सुरू झाले, मोहोळच्या संशोधन केंद्राने मालदांडी ज्वारी दिली. त्याच जिल्ह्यात आज तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. उजनीचे कालवे जिथे पोहोचतात तिथे ऊस आहे, आणि जिथे पोहोचत नाहीत तिथेही आहे. दुसऱ्या उसाचे पाणी जमिनीखालून येते.

या पाण्याची मोजणी होत नाही असे नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७०च्या दशकाच्या आरंभापासून काम करते. राज्यभर तिच्या सुमारे ३,९०० निरीक्षण विहिरी आहेत आणि वर्षातून चार वेळा तिथली पातळी घेतली जाते. कमी मनुष्यबळात इतकी वर्षे अखंड नोंद ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. देशात फार थोड्या राज्यांकडे अशी माळ आहे. पण यांतल्या बहुतेक विहिरी खोदलेल्या, उथळ आहेत. शेतकरी पितो आणि पाजतो ते पाणी पाचशे-सातशे फुटांवरून. बसाल्टच्या थरांत वरचा साठा आणि खालचा साठा यांच्यामध्ये घट्ट पाषाण असला की दोघांचा संबंध क्षीण असतो. चांगला पाऊस झाला की उथळ विहीर भरते, आकडा सुधारतो, ‘भूजलपातळीत वाढ’ असे वृत्त छापून येते, आणि खालचा साठा, जो भरायला वर्षे लागतात, रिकामा होतच राहतो. २००९च्या राज्य भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंदी घातली. सोलापुरात कोणत्याही बोअरच्या गाडीवाल्याला हा आकडा सांगून पाहावा. तो हसेल.

जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेचे उदाहरण अजून ताजे आहे. महालेखापरीक्षकांनी सहा जिल्ह्यांतल्या १२० गावांची तपासणी केली, त्यांत सोलापूरही होता. ९,६०० कोटींहून अधिक खर्चानंतर भूजलपातळी वाढवण्यात योजनेला फारसे यश आले नाही, असा २०२०च्या अहवालाचा निष्कर्ष निघाला. त्यावर राजकारण भरपूर झाले. खरी अडचण कुणी फार बोलून दाखवली नाही: गावात बंधारा बांधण्याआधी पाणी कुठे होते आणि बांधल्यावर किती उपसले गेले, याची गावाच्या पातळीवरची नोंदच तुटपुंजी. त्यामुळे योजनेचे समर्थक आणि टीकाकार दोघेही फोटो दाखवत राहिले.

गुणवत्तेची कथा याहून वेगळी नाही. ग्रामपंचायतीच्या दप्तरात पाण्याच्या स्रोताचा धोका दाखवणारे हिरवे, पिवळे, लाल कार्ड असते. जलसुरक्षक विहिरीत टीसीएल पावडर टाकतो. जलजीवन मिशनने गावातल्या पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवले, हा उपक्रम उत्तम. या संचात क्षारता, कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट अशा गोष्टी कळतात. नायट्रेट हा इथला खरा शत्रू आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४च्या अहवालात देशातल्या ४४० जिल्ह्यांत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या वर गेल्याचे आढळले आणि महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत ते जास्त होते. उसाला ओतलेला युरिया, गोठ्याची घाण आणि गळके शोषखड्डे यांचे हे एकत्रित देणे. पण सूतगिरण्यांच्या आणि रंगकामाच्या शहरात, औद्योगिक वसाहतींच्या उताराला असलेल्या विहिरींत जड धातू आहेत का, हे या संचातून कळत नाही. यादी कुणी केली आणि कोणते गाव डोळ्यांसमोर ठेवून केली, हा प्रश्न ढाक्यात जितका लागू होता तितकाच इथे.

याला एक खणखणीत उत्तर शेतकऱ्यांकडे आहे. मोजून पाणी येते का? मोटार हवा ओढू लागली की पाणी संपल्याचे कळतेच, त्यासाठी साहेबाचा टेप कशाला? वर अशीही भीती की आज पातळी सांगितली तर उद्या तिच्याच आधारे बोअरवर बंदी येईल, वीज तोडली जाईल, उसाची नोंद नाकारली जाईल. ही भीती अवास्तव नाही. सरकारने आजवर शेतकऱ्याकडून जी माहिती घेतली ती बहुतेक वेळा नोटीस होऊनच परत आली. शिवाय जोवर ऊस हे हमखास दर मिळणारे पीक आहे आणि ज्वारीला तसा आधार नाही, तोवर पातळीचा आलेख पाहून कुणी ऊस मोडणार नाही, हेही खरे.

तरी आंध्रचा अनुभव या युक्तिवादाला भेदतो. तिथे २००३च्या सुमारास सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक गावांत शेतकऱ्यांनी स्वतः आपल्या बोअरची पातळी दर पंधरवड्याला मोजायला सुरुवात केली. पाऊस मोजला, रब्बीच्या तोंडावर गावात बसून साठा किती आणि पिकांची मागणी किती याचा ताळेबंद मांडला. कायदा नव्हता, बंदी नव्हती, कुणाला दंड नव्हता. कमी पाण्याची पिके लावायची की नाही हे ज्याने त्याने ठरवले, आणि बऱ्याच ठिकाणी उपसा कमी झाला. आपल्याकडे हिवरे बाजार दर वर्षी पाण्याचा हिशेब ग्रामसभेत मांडते, तिथे शेतीसाठी बोअर नाही. दोन्ही ठिकाणी आकडा आधी गावाला कळला, सरकारला नंतर. सगळा फरक या क्रमात आहे. अटल भूजल योजनेने सोलापूरसह राज्यातल्या १३ जिल्ह्यांत हाच मार्ग सरकारी चौकटीत आणायचा प्रयत्न केला. यंत्रे बसली, फलक लागले, जलसुरक्षा आराखडे तयार झाले. योजनेचा निधी संपल्यावर त्या यंत्राची बॅटरी कोण बदलणार, यावर मात्र आराखड्यात फार काही सापडत नाही.

हा प्रश्न आता महाराष्ट्रापुढे खऱ्या सोन्याच्या रूपानेही येतो आहे. चंद्रपूर आणि सिंधुदुर्गात सोन्याचे साठे असल्याचे राज्य सरकारने २०२२च्या अखेरीस जाहीर केले. खाण निघेल की नाही, निघाली तर परवडेल की नाही, याला वेळ आहे. मोजणीच्या दृष्टीने हीच वेळ मोलाची. आपल्याकडे पर्यावरण परिणाम अहवालासाठी पाण्याची मूळ स्थिती बहुतेक वेळा एकाच हंगामात, पावसाळा वगळून, तपासली जाते. कोकणात किंवा झाडीपट्टीत पावसाळा वगळून विहिरीची पातळी मोजली तर हाती काय लागणार? त्या गावांतल्या विहिरी आणि हातपंप आताच, किमान एका पूर्ण वर्षाच्या चारही टप्प्यांत मोजले जावेत. यादीत आर्सेनिक आणि सल्फेट असावे, नमुने कंपनीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेत जावेत, आणि आकड्यांची एक प्रत, लिलावाची फाइल हलण्याआधी, ग्रामपंचायतीच्या दप्तरात पडलेली असावी.